यंदा आम्ही राब भाजला नाही

मंडळी, आत्ताच शेतावरून आलोय. सातवीपर्यंतच शिकलोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या पनवेलकडे भाताचं बी पेरण्याआधी बांधावरच्या झाडांच्या फांद्या तोडून रोपांच्या जागेवर जाळतात, म्हणजे तण मरतं. त्याला राब भाजणं म्हणतात. यंदा सून सुनीता म्हणाली, "बाबा, झाडं तोडायची नाय, जाळायचं नाय. शेणखत घालू, तण मी हातानं काढीन."

माझी झोप उडाली. रोपं आली नाहीत तर वर्षभर खायचं काय? तिला न सांगता मी कोपऱ्यात चटईएवढा राब भाजलाच.

आज लावणी होती. सुनीताची रोपं उपटताना मजुरीला आलेली जनाबाई म्हणाली, "आबा, तुमी उगाच घाबरला. मुळं बघा." मी जुडी न् जुडी उचलून पाहिली. एकही रोप पिवळं नव्हतं.

मग सुनीता माझ्या कोपऱ्याकडे वळली. मी मान खाली घातली.

"काळा डाग मला उन्हाळ्यातच दिसला होता, बाबा. तुमच्या रोपांतलं तणपण मीच काढलं. चला, हीपण लावू."

दुपारी बांधावरच्या ऐनाखाली जेवायला बसलो. दरवर्षी राबासाठी फांद्या तोडल्यानं लावणीला हे झाड नुसता खांब असतं. आज एक सर येऊन गेली, पण भाकरी भिजली नाही. सत्तर वर्षं बघतोय, पण हा ऐन इतका डेरेदार होतो हे ठाऊकच नव्हतं.

तुमच्यापैकी कुणी राब न भाजता भात लावलाय का? कापणीपर्यंत नीट राहतो ना? तेवढं सांगा, म्हणजे मला झोप लागेल.