मुरमातली निळी फुलं

पवनीला घर बांधलं तेव्हा पाया खणताना निघालेला सगळा मुरूम अंगणात पसरला. त्यात मोगरा जळाला, गुलाब जळाला. नवरा म्हणाला, "कायले मरून राहिली त्या मुरमाच्या मागं? सिमेंट टाकून टाकू." मी म्हटलं, माझ्या जिवंतपणी नाही. उन्हाळाभर पाय भाजणारं अंगण मला नको होतं, आणि मला न विचारता ठरवलेलं तर मुळीच नको होतं.

लाखांदूरच्या एसटीतून बरडावर, त्या खडकाळ माळावर, शंखपुष्पी दिसायची. जमिनीला चिकटून पसरलेली, शर्टाच्या गुंडीएवढी निळी फुलं. तिला कोण पाणी घालतं? पावसाळ्यात तिथं उतरून रोपं उपटून आणली. पण आम्ही पडलो धानवाले. काहीही लावायचं तर आधी बांध, मग पाणी. मीही मुरमाला चारी बाजूंनी बांध घातला, शेणखत ओतलं, पाणी कोंडलं आणि वाकून धानासारखा ओळीनं रोवणा केला. आठवड्यात सगळं सडलं.

सासूबाई हसल्या. "गवताचा रोवणा केला वं आमच्या सुनेनं!"

मला रडू आलं, पण रागाचं. नवऱ्याशी भांडून सिमेंट एक वर्ष पुढं ढकललं. बांध फोडला, खत खरवडून काढलं. पुढच्या पावसाआधी बरडावरचं बी आणून नुसतं मुरमावर फेकलं आणि पाण्याच्या बादलीला हात लावला नाही. हात शिवशिवायचे, तरी नाही.

दसऱ्याच्या सुमारास अंगण निळं झालं. पण ही फुलं सकाळी उमलतात आणि दुपारी मिटतात. नवरा अंधारातच कामावर जायचा आणि यायचा संध्याकाळी. त्यानं एका दुपारी मिस्त्री पाठवलाच.

"बाई, इथं तं काहीच नाही," मिस्त्री म्हणाला.

"सकाळी या, मिस्त्रीभाऊ. तोवर एक घमेलंही इथं उतरवायचं नाही."

तो सकाळी आला. नवरा सुट्टी असल्यानं दारातच उभा होता. अंगणात सासूबाई उकिडव्या बसून वंदनेसाठी फुलं खुडत होत्या. स्टीलचं ताट निम्मं निळं झालं होतं. मिस्त्रीनं पाऊल टाकलं तशा त्या ओरडल्या, "सरक तिकडं! माह्या फुलाईवर पाय देऊन राहिला!"

भांडले मी, हसं झालं माझं, आणि फुलं सासूबाईंची! नवरा माझ्याकडं बघेना. मी मात्र त्याच्याकडं चांगलं टक लावून बघितलं आणि मिस्त्रीला चहा पाजून परत पाठवलं.