मोतीलाल आबांना न मिळालेली फ्लॉपी

भडगावच्या केळी विक्री संस्थेत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हार घालायला सगळे पुढे होते. शिकायची वेळ आली तेव्हा एकटी जमीला उरली. नजीर टेलरची ही मुलगी जळगावला कोर्स करून आलेली. तिने फॉक्सप्रोमध्ये प्रोग्राम लिहिला : ज्याची नोंद आधी, त्याचा माल आधी ट्रकमध्ये. त्यापूर्वी नंबर लावायचे चेअरमन मोतीलाल आबा, आणि आबांचे भाऊबंद कधी मागे राहिल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

एप्रिलातल्या एका सकाळी केळीवाला शेतकरी कौतिक संस्थेच्या खिडकीशी आला. त्याचे घड कापून पडले होते. उन्हात ते पिवळे पडले की व्यापारी ढुंकून बघत नाही.

"मन्हा नंबर काल पयला व्हता. आज सातवा कसा व्हयना वं?"

जमीलाने मशीन तपासलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने लिहिलेल्या मूळ फाईलमध्ये शहरात थोडंफार कॉम्प्युटर शिकलेल्या आबांच्या पुतण्याने भाऊबंदांचे नंबर पुढे सरकवणाऱ्या चार ओळी घुसडल्या होत्या.

"असं बघा कौतिकभाऊ," ती म्हणाली, "पीठ आणि पापड मी एकाच डब्यात ठेवले. या मशीनला ताजं पीठ दिसलं की ते जुने पापड फेकतं आणि आपणहून नवे लाटतं. पिठात कुणी काय कालवलं, ते विचारत नाही."

"मंग डबा बदल ना!"

तिने तेच केलं. चार ओळी काढल्या, फाईल नव्याने कंपाईल केली, म्हणजे त्या पिठाचे पापड लाटले, आणि ती तयार फाईल वेगळ्या डिरेक्टरीत ठेवली. शेजारी मूळ फाईल नाही, तर मशीन पुन्हा लाटणार कशातून? मूळ फाईल तिने फ्लॉपीवर घेतली, मशीनमधून पुसली आणि फ्लॉपी घरी नेली. कौतिकचा माल त्याच दिवशी पहिला चढला.

दुसऱ्या दिवशी आबांनी सगळ्यांसमोर हात पुढे केला. "फ्लॉपी आण."

"नाही आणणार. प्रोग्राम चालू आहे. तुम्हाला फक्त तो बदलायला पाहिजे."

"उद्यापासून येऊ नकोस मग."

नजीरची नजर अधू झाली होती, शिलाई बंद होती. घर जमीलाच्या पगारावर चालायचं, हे आबांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर ते एवढ्या आरामात बोलले.

"उद्या कशाला आबा, आत्ताच जाते," ती म्हणाली. ओढणी सारखी केली आणि पायऱ्या उतरली.

तिच्या खुर्चीवर पुतण्या बसला. बाहेर आबांच्या बागेतले घड रांगेच्या शेपटाला तापत होते आणि आबा खिडकीतून ओरडत होते, "अरे, बदल ना लवकर!"

"काय बदलू काका?" पुतण्या रडकुंडीला आला. "तिने बदलायला काही ठेवलंच नाही."