स्तोत्र संपले आणि गाडी आली नाही

घाटात उतरणाऱ्या रेल्वेगाडीचे छायाचित्र घ्यायचे असेल, तर ती बोगद्यातून नेमकी केव्हा बाहेर येणार हे आधी ठाऊक असावे लागते. मनगटावर घड्याळ असून उपयोग नसतो. डोळा कॅमेऱ्याला लागलेला असतो आणि तो घड्याळाकडे वळवीपर्यंत इंजिन समोरून निघून गेलेले असते. यावर मी जो उपाय योजला होता, तो दुसरा कोणी योजत असेल असे मला वाटत नाही. मी देवीचे स्तोत्र म्हणत असे.

शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाल्यावर हा छंद मला ज्यांनी लावला, ते माझे स्नेही शाहूपुरीत फोटो स्टुडिओ चालवीत. मी त्यांना भाई म्हणतो, ते मला गुरुजी म्हणतात. त्यांच्या तीन पिढ्या याच व्यवसायात गेल्या, आणि माझ्या वर्गांचे निरोपाचे फोटो वर्षानुवर्षे त्यांनीच काढले. मोबाइल आल्यावर त्यांच्याकडे पासपोर्टच्या फोटोंपलीकडे फारसे काम उरले नाही. मला तर काहीच उरले नव्हते. तेव्हा आम्ही दोघे वर्षातून तीन-चार वेळा मिरजेला गाडी बदलून कॅसलरॉकला जाऊ लागलो. तिथून गोव्याकडचा घाट सुरू होतो. रुळांवरून चालायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. आम्ही रानातल्या पायवाटेने उतरून एका बोगद्याच्या खालच्या तोंडाशी, रुळांपासून थोड्या उंचीवरच्या कातळावर बसत असू. ती पायवाट तिथेच रूळ ओलांडून पलीकडे दरीच्या काठाला जाते.

बोगद्याच्या वरच्या बाजूला एक वळण आहे. त्या वळणावर चालक शिटी देतो. उताराला कोणत्याही गाडीला ठरावीक वेगापलीकडे जाऊ देत नाहीत, त्यामुळे त्या शिटीपासून इंजिन आमच्यासमोर येईपर्यंतचा वेळ जवळजवळ पक्का असतो. पहिल्या खेपेला मी स्तोत्र म्हटले ते केवळ भीतीने. बोगद्याचे काळे ओले तोंड, दोन्ही बाजूंना चढत गेलेले रान, माकडांचे अचानक थांबलेले आवाज. हात कॅमेऱ्यावर होते, म्हणून जप ओठांवर आला. गाडी गेल्यावर भाई म्हणाले, "गुरुजी, तुमचं संपायला आणि गाडी यायला एकच गाठ पडली की! पुन्यांदा म्हणा बघू."

पुन्हा म्हटले, आणि पुन्हा तसेच झाले. स्तोत्र चोवीस श्लोकांचे आहे. पाठशाळेत गुरूंनी ते मला वयाच्या नवव्या वर्षी दिले, आणि त्यानंतर एकही सकाळ ते म्हटल्यावाचून गेलेली नाही. त्याची लय माझ्या श्वासाशी बांधली गेली होती. घाईत मी ते लवकर म्हणू शकत नसे आणि आजारात लांबवू शकत नसे. बाविसाव्या श्लोकाला बोगद्यातून गार वारा बाहेर येई, कारण आत शिरलेली गाडी कोंडलेली हवा पुढे ढकलते. चोविसाव्याच्या अखेरच्या चरणाला इंजिनाचे कपाळ उजेडात येई. भाईंना शब्दांचा अर्थ कळत नसे, पण माझा आवाज कुठे थांबतो आणि कुठे चढतो हे ऐकून ते बरोबर वेळी कॅमेरा उचलीत. दहा वर्षे हे असे चालले.

मग गाड्या उशिरा येऊ लागल्या.

वाचकाला अंधारात ठेवण्याची माझी इच्छा नाही, म्हणून आत्ताच सांगतो, की गाड्या उशिरा येत नव्हत्या. हे समजायला मला तीन खेपा लागल्या आणि तिसऱ्या खेपेला ते समजण्याआधीच मी मरणार होतो.

पहिल्यांदा घडले ते गेल्या वर्षी मार्गशीर्षात. स्तोत्र संपले आणि बोगद्याचे तोंड रिकामेच होते. मी डोळा न हलवता थांबलो. थोड्या वेळाने वारा आला आणि मग गाडी आली. "आज ब्रेक फार दाबलेले दिसतात," मी म्हणालो. भाई लेन्स पुसत होते. "असंल," एवढेच म्हणाले. फाल्गुनात पुन्हा तसेच झाले. त्या मार्गावर आता विजेच्या तारा आल्या आहेत आणि इंजिनेही बदलली आहेत. मी परतीच्या प्रवासात मिरजेपर्यंत भाईंना समजावीत होतो, की नव्या इंजिनांना उताराला अधिक जपून आणत असावेत. ते खिडकीबाहेर पाहत होते. इतका वेळ गप्प बसणारा तो माणूस नव्हे, हे मला तेव्हाच खटकायला हवे होते.

घरातही एक खूण झाली होती. एका सकाळी पत्नीने स्वयंपाकघरातून विचारले, "अहो, आज पूजा लवकर आटोपली?"

"मन एकाग्र असले, की वेळ कळत नाही," मी उत्तर दिले, आणि त्या उत्तराचे मला समाधानही वाटले.

तिसरी खेप यंदाच्या आश्विनातली. नवरात्र पार पडले होते, पाऊस मागे सरला होता, पण बोगद्याशेजारचा ओढा अजून भरून वाहत होता आणि त्याच्या आवाजापुढे दुसरे काही ऐकू येत नव्हते. उतरणारी गाडी तशीही फार आवाज करीत नाही. चढणारीसारखी ती झुंजत नाही, नुसती घसरत येते. धुके दरीतून वर आले, रुळांवर थांबले, पुन्हा खाली गेले. सकाळी दहाच्या सुमारास वळणावर शिटी झाली. मी सुरुवात केली.

स्तोत्र संपले. बोगदा रिकामा होता. मी शेवटचा चरण पुन्हा म्हटला. तरीही काही नाही. त्याच वेळी धुके फाटून पलीकडच्या काठावर असे ऊन पडले, की तिथून काढले तर इंजिन, बोगदा आणि वरचे रान एका चौकटीत यावे. माझ्या मनाने निर्णय केला, की गाडी वरच अडवून ठेवली आहे. मी कॅमेरा गळ्यात टाकून कातळावरून उतरलो आणि पायवाटेने रुळांकडे निघालो.

वारा आला. बोगद्यातून तो गार, ओला, लोखंडाच्या वासाचा वारा माझ्या डाव्या गालावर आला आणि मी तो ओळखला. ओळखूनही मी चालत राहिलो. आयुष्यभर ज्याचा पाठ केला ते स्तोत्र सांगत होते, की वेळ होऊन गेली. गालावरचा वारा सांगत होता, की गाडी आली. मी स्तोत्रावर विश्वास ठेवला. एक पाऊल खडीवर पडले होते.

खांद्यावरच्या झोळीला मागून असा हिसका बसला, की मी चिखलात उताणा पडलो.

"बसा खाली! बसा म्हनतो न्हवं!" भाई ओरडत होते. "चार राह्यल्याती अजून! चार!"

"काय राहिले? झाले म्हणून..."

पुढचे शब्द माझे मलाच ऐकू आले नाहीत. गाडी आमच्यापुढून जात होती, डब्यामागून डबा, आणि माझ्या पायांच्या बोटांपासून चाकांचे अंतर एखाद्या पाटाएवढे होते. मी डबे मोजू शकलो नाही. भाईंनी झोळीचा बंद गाडी गेल्यानंतरही सोडला नव्हता.

मी विचारले, "चार म्हणजे काय?"

"चार श्लोक. तुमी म्हटलंच न्हाय ते." त्यांना अजून धाप लागत होती. "मधी एका जागी तुमचा आवाज खाली बसतो, मग चार येळा चढतो, घाट चढल्यागत. ती चढण आलीच न्हाय. थेट पलीकडं उतरलासा."

"आज?"

"आज न्हाय. मार्गशीर्षापास्नं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? पयल्या खेपेला वाटलं, चुकून राह्यलं असंल. दुसऱ्या खेपेला मोबाइलवर येळ लावली, गाडी बरोबर हुती. तुमी गाडीला शिव्या घालीत हुता. म्हटलं, घालू द्यात, गाडीला काय कळतंय."

"मी शिव्या देत नाही."

"तुमच्या मानानं त्या शिव्याच हुत्या, गुरुजी." मग त्यांनी डोळे पुसले आणि चिडून म्हणाले, "माझंच चुकलं. तुमाला वाईट वाटंल म्हनून गप बसलो, आन आज तुमाला वहिनींच्या पुढं कसं न्हेलं असतं?"

मी तिथेच चिखलात बसून ते चार श्लोक शोधू लागलो. बारावा मला येत होता. त्याच्या शेवटच्या अक्षरानंतर सतरावा आपोआप ओठांवर येई. भाईंनी शब्दांवाचून नुसत्या हुंकाराने ती चढण मला ऐकवली, आणि ती ऐकताच मला ती जागा आठवली: गुरूंचा हात माझ्या खांद्यावर आहे, इथे श्वास घ्यायचा आहे, इथे आवाज वर न्यायचा आहे. सगळे होते. शब्द तेवढे नव्हते. दात पडलेल्या जागी जीभ जावी तसा मी पुन्हा पुन्हा तिथे जात होतो.

घरी आल्यावर देवघरातल्या फडताळातून पोथी काढली. पोथी पाहून म्हणणाऱ्याला आमच्या परंपरेत अधम पाठकांत गणतात. मीही वर्गात हे कितीदा सांगितले असेल, आणि त्यात थोडा अभिमानही मिसळत असे. पान उलटले. तेरावा श्लोक वाचला. देवीच्या आयुधांचे वर्णन होते. अन्वय लागला, समास सुटले, अर्थ निर्मळ कळला. मी परीक्षेत मुलांना अपठित श्लोक घालीत असे, पूर्वी कधी न पाहिलेला, त्यांची स्वतःची समज किती ते पाहण्यासाठी. तो श्लोक मला तसाच दिसला. सुंदर, सुबोध आणि अनोळखी. साठ वर्षांहून अधिक काळ रोज सकाळी जो माझ्या तोंडून गेला होता, त्याने माझ्याकडे ओळखीचे म्हणून पाहिले नाही.

पत्नीला सर्व सांगितले. मी खडीवर टाकलेले पाऊलसुद्धा. ती म्हणाली, "मला वाटत होते, की तुम्ही घाईपायी काही श्लोक गाळता. देवाशी अशी लबाडी तुम्ही कराल, हे मनाला पटत नव्हते, म्हणून पुन्हा विचारले नाही." डॉक्टरांनी तपासण्या केल्या, चित्रे दाखवली, वार विचारले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. विस्मरणाचा आजार आज तरी सौम्य आहे, असे त्यांचे मत पडले. किती दिवस, हे सांगता येत नाही, असे ते म्हणाले, आणि मीही दुसऱ्यांदा विचारले नाही.

घाटात पुन्हा जाऊ नये, असे घरात सर्वांचे म्हणणे होते आणि ते अयोग्य नव्हते. मी एकदाच जाईन, असे म्हणालो. मला कातळावरून खाली उतरू देणार नाही, असा शब्द भाईंनी माझ्यासमक्ष पत्नीला दिला. "उतरलं तर बांधून घालतो, वहिनी. दोरी घेतलीया," ते म्हणाले, आणि दोरी खरोखरच त्यांच्या पिशवीत होती.

परवा आम्ही जाऊन आलो. दिवस कोरडा होता, ओढ्याचा आवाज क्षीण झाला होता आणि रान इतके निश्चल होते, की पानावरून पान सरकले तरी मी मान वळवीत होतो. पोथी मी सोबत नेली होती. ती मांडीवर उघडली तेव्हा माझ्या ध्यानात आले, की डोळे पानावर ठेवायचे तर ते कॅमेऱ्याला लावता येणार नाहीत. दोन्हींपैकी एकच होणार होते. मी कॅमेरा गळ्यातून काढून भाईंच्या शेजारी ठेवला. त्यांनी पाहिले आणि स्वतःचा उचलला.

वळणावर शिटी झाली. मी ओळीखाली बोट धरून वाचू लागलो. तेराव्यापासून सोळाव्यापर्यंतचे चारही श्लोक आले. ते परके असणार हे मला ठाऊक होते, म्हणून मी ते पाहुण्यांना उंबऱ्यावर घ्यावे तशा आदराने घेतले. सतरावा माझा होता, अठरावाही माझाच. एकोणिसाव्यावर बोट आले आणि मी थांबलो.

तो मी पूर्वी कधीही पाहिलेला नव्हता.

वाचला. विसावाही तसाच वाचला. एकविसावा ओळखीचा निघाला. बाविसाव्याला गार वारा आला आणि पोथीचे पान उचलले गेले. ते मी तळहाताने दाबून धरले. चोविसाव्याच्या शेवटच्या चरणाला इंजिन उजेडात आले, अगदी पूर्वी येत असे तसे, आणि शेजारी भाईंच्या कॅमेऱ्याचा आवाज झाला.

"बरोबर आली," ते म्हणाले.

"सहा झाले, भाई," मी म्हणालो.

ते मागच्या पडद्यावर फोटो पाहत होते. मान वर न करता म्हणाले, "व्हय. आवाजावरनं कळलं मला." मग त्यांनी ती पिशवीतली दोरी बाहेर काढली, तिचे एक टोक माझ्या कमरेला आणि दुसरे स्वतःच्या कमरेला बांधले, आणि त्या स्थितीत आम्ही दोघे पायवाटेने वर चढू लागलो. मधूनमधून ते मागे वळून न पाहता विचारत होते, "म्हणा बघू, आता कोनचा?" येत होते तितके मी म्हणत होतो.