सरळ गुडघा

हे मी कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. दोन-तीनदा बोलायचं म्हणून बसले आणि दुसरंच काहीतरी बोलून उठले — भाजीचे भाव, शाळेतल्या बदल्या, कुणाचं तरी लग्न. तुमच्याजवळ बोलते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर बहुतेक आजही लग्नावरच आले असते.

मी सेलूची. शाळेत पीटी शिकवते. सासरचं कापडाचं दुकान आहे, तिथं मला कुणी विचारत नाही आणि मीही जात नाही. लग्नाआधी मी चालायचे — म्हणजे शर्यतीत. जलद चालण्याची शर्यत असते ना, कोपरं मारत, कंबर हलवत चालतात ती. रस्त्यानं सराव करताना लोक हसायचे. ट्रकवाले हॉर्न वाजवायचे. तरी मी चालले, आणि वीस किलोमीटरमध्ये आपल्या विभागाचा विक्रम केला. मग लग्न झालं. सासूबाई म्हणाल्या, "रस्त्यानं असं डुलत चालणं आपल्या घरात शोभते काय?" मी थांबले. विक्रम मात्र राहिला, वर्षानुवर्षं. कुणी मोडला नाही, कारण फारसं कुणी चालतच नव्हतं.

हे कारण म्हणून सांगत नाहीये. पण सांगितलं नाही तर पुढचं कळणार कसं?

पुढे मी पंचाची परीक्षा दिली. या शर्यतीत नियम दोनच. एक — एक ना एक पाय सतत जमिनीवर टेकलेला पाहिजे. दुसरा — पुढे टाकलेला पाय जमिनीला लागल्यापासून अंग त्याच्यावर येईपर्यंत गुडघ्यात सरळ पाहिजे. कॅमेरा नसतो. रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी पंच उभे असतात आणि नुसत्या डोळ्यांनी बघतात. नियम मोडलेला दिसला की पंच लाल कार्ड लिहून पाठवतो. वेगवेगळ्या तीन पंचांची तीन कार्डं झाली की खेळाडू बाद. पंच म्हणाला गुडघा वाकला, की वाकला. त्याच्यावर दुसरा डोळा नाही.

त्या हिवाळ्यात विभागाची स्पर्धा आमच्याकडेच झाली. सेलूच्या बाहेरचा एक रस्ता सकाळपुरता बंद केला होता. त्यावरच फेऱ्या मारायच्या. आदल्या दिवशी मुली नावं नोंदवायला आल्या, तेव्हा एक बारीक, काळीसावळी पोरगी येऊन माझ्या पाया पडली. नाव प्रणाली. आर्वीकडच्या रोहण्याची. सोबत तिचे बाबा, गळ्यात दुपट्टा, हातात डब्याची पिशवी.

"मॅडम, तुमचा टाइम मी गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवला हाय," ती म्हणाली. "रोज पाहतो."

बाबा हसले. "म्हशी दोहाले गेलं का मलेबी तोच दिसते."

मीही हसले. पाठीवर हात ठेवला तिच्या. बरं वाटलं मला — खोटं कशाला बोलू? गोठ्याच्या भिंतीवर का होईना, कुणीतरी लिहून ठेवलं होतं.

सकाळी शर्यत सुरू झाली. मी एका कापसाच्या जिनिंग गिरणीच्या भिंतीजवळ वळणावर उभी होते. पहिल्या फेऱ्यांमध्ये प्रणाली फार जोरात सुटली, अंगात नुसतं वारं. पाय जमिनीवरून सुटत होते. दोन पंचांनी तिला लाल कार्डं दिली — रास्त दिली, मीही दिलं असतं. फलकावर तिच्या नावापुढे दोन खुणा लागल्या. त्या तिनं पाहिल्या आणि — कसं सांगू — ती सावरली. गती तीच ठेवली आणि पाय टेकवले. कुणी शिकवलं नव्हतं तिला. रोहण्यात कोण शिकवणार? पण त्यानंतर ती अशी चालायला लागली, की मी नुसती बघत राहिले. खांदे सैल. टाच लागली की पाय काठीसारखा सरळ, आणि अंग त्याच्यावरून अलगद पुढे. मी माझ्या उमेदीच्या दिवसांतही अशी कधी चालले नाही. हे मला तिथंच कळलं. डोळे पंचाचे होते ना — त्यांना खोटं दिसत नव्हतं.

शेवटच्या दोन फेऱ्या राहिल्या, तेव्हा लाउडस्पीकरवरून निवेदक ओरडला, "लक्ष द्या! आज विक्रम मोडतोय! आणि ज्यांचा मोडतोय त्या मॅडम इथंच, आपल्यातच उभ्या आहेत! जोरदार टाळ्या!"

लोकांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी टाळ्या वाजवल्या. हसले. मान डोलावली. दुकानदार, शाळेतली पोरं, माझे दीरसुद्धा होते त्या गर्दीत. त्यांतल्या अर्ध्यांना माझा विक्रम होता हेच त्या दिवशी कळलं, तो जाताना.

ती वळणावर आली. माझ्याकडे पाहून एवढंसं हसली. मी तिच्या गुडघ्याकडे पाहिलं. सरळ होता. पुन्हा पाहिलं. दुसरा पाहिला. सरळ होता.

मी तिचा नंबर लिहिला. गुडघा वाकल्याची खूण केली. कार्ड सायकलवरच्या स्वयंसेविकेच्या हातात दिलं.

एवढंच. एका श्वासात झालं. ती सायकल रस्त्यावरून जाताना मला दिसत होती — कितीतरी वेळ दिसत होती, सरळ रस्ता होता. आणि मी आतून थिजून गेले होते, की हे काय केलं? कुणी केलं? माझीच बोटं होती ना ती? एखादी विद्यार्थिनी असती माझी दुसऱ्या नंबरवर, तर तुम्हालाही समजलं असतं, लोक करतात असं. माझं कुणीच नव्हतं त्या शर्यतीत. एक हाक मारली असती, "थांब, चुकीचं लिहिलं", तर ती स्वयंसेविका सायकल वळवून परत आली असती.

मी हाक मारली नाही.

शेवटच्या फेरीत मुख्य पंच रस्त्यात उतरले आणि त्यांनी प्रणालीसमोर लाल पाटी धरली. तिला कळलंच नाही. ती त्यांना वळसा घालून पुढे चालत राहिली, तशीच सुंदर. कुणीतरी दंड धरला, तेव्हा थांबली. मग रस्त्यावरच बसली. रडली नाही. पायांकडे बघत राहिली.

तिचे बाबा गर्दीतून सरळ माझ्याकडे आले. मला वाटलं, आता विचारणार — आणि मी सांगून टाकणार. खरंच वाटलं होतं. तेवढी मी वाईट नाही, असंही वाटलं होतं.

"मॅडम, काय चुकलं हो पोरीचं?"

"गुडघा वाकत होता."

त्यांनी मान हलवली. मागे वळून मोठ्यानं म्हणाले, "आयकलं काय प्रणाली? मॅडम म्हणते गुडघा वाकून राह्यला." मग माझ्यापुढे हात जोडले. "बरं झालं सांगतलं. आम्हाले कोन सांगनार होतं? आता त्याच्यावरच मेहनत करतो."

मेहनत करतो. हा शब्द मी तेव्हा ऐकला आणि सोडून दिला. ती बाद झाली आणि माझा विक्रम वाचला. दिरांनी घरी पेढे आणले.

पुढची काही वर्षं मी तिचं नाव कुठल्या निकालात शोधलं नाही. खरं तर टाळलं. मग मागच्या वर्षी नवऱ्याच्या पाठीचा एक्स-रे काढायला सावंगीच्या दवाखान्यात गेले होते. रांगेत बसलेली, मागून आवाज आला.

"मॅडम? वळखलं नाई?"

प्रणाली. तीच. उठून माझ्याकडे आली तेव्हा मला दिसलं, ती लंगडत होती. थोडं नाही, चांगलंच. उजवा पाय टाकला की गुडघा मागच्या बाजूला जायचा — जसा माणसाचा जात नाही तसा. मी त्या गुडघ्याकडे बघत राहिले. डोळे पंचाचेच आहेत अजून.

"काय झालं हे?"

ती सहज सांगायला लागली, शेजारणीला सांगावं तसं. त्या शर्यतीनंतर बाबांनी बांबूच्या खपच्या, म्हणजे चपट्या पट्ट्या, तासून दिल्या. त्या गुडघ्याच्या मागून दुपट्ट्यानं घट्ट बांधायच्या आणि गुडघा मागे रेटत चालायचं. रोज. दोन वर्षं. मग दुखायला लागलं. मग सुजायला. मग आतलं काहीतरी सैल पडलं. डॉक्टर म्हणाले, उलटा दाबून दाबून झालं.

"पन वाकला नाई बरं का मंग," ती हसून म्हणाली. "तुमी म्हटलं होतं ना, तवापासून एकदाबी वाकू देला नाई."

काय बोलता येतं अशा वेळी? तुम्हाला सुचतं का काही? माझ्या तोंडातून निघालं, "औषधं घेतेस ना वेळेवर?"

"हाओ. पन माहं जाऊ द्या. आता गावातल्या पोट्ट्याइले शिकवून राह्यली मी. सा-सात जनी हायेत. जे माहं झालं ते त्याइचं होऊ देत नाई. पहिल्या दिवसापासूनच खपच्या बांधतो."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती मस्करी करत नव्हती.

"छान," मी म्हणाले. खरंच — "छान" म्हणाले. तेवढ्यात नवऱ्याचं नाव पुकारलं आणि मी उठून गेले.

त्या आठवड्यात माझं जेवणात लक्ष नव्हतं. शाळेत पोरं रांगेत उभी राहिली, की मी त्यांचे गुडघे बघायचे. शेवटी नवऱ्याला आर्वीला मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं आणि रोहण्याला गेले. एसटीत बसून मनातल्या मनात वाक्य तयार केलं. साधं होतं. तुझा गुडघा वाकला नव्हता, मी खोटं कार्ड दिलं. पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. आर्वी येईपर्यंत तोंडपाठ झालं.

शाळेच्या मैदानावर पोरी चालत होत्या. लहान — पाचवी-सहावीच्या असतील. प्रत्येकीच्या गुडघ्यामागे खपच्या, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी बांधलेल्या. पायात काठ्या घातल्यासारख्या चालत होत्या, ओठ दाबून. कडेला दगडावर तिचे बाबा बसलेले, केस पांढरे झालेले, हातात विळा. नवीन खपची तासत होते. कड टोचू नये म्हणून बोट फिरवून बघत होते.

मी धावतच गेले मैदानात.

"सोडा ते! सगळ्या सोडा!"

प्रणाली लंगडत आली. "काऊन मॅडम? काय झालं?"

मी सांगितलं — पीटीच्या मॅडमसारखं. सरळ म्हणजे नुसता सरळ, मागे रेटायचा नाही, वाढत्या वयात हाड बिघडतं, सांधा सैल पडतो. सगळं खरं होतं. सगळं मला त्या सकाळीही माहीत होतं. तिनं एका शब्दानं वाद घातला नाही. खाली बसली आणि एकेकीच्या चिंध्या सोडायला लागली. पोरी पोटऱ्या चोळत होत्या. लाल वळ उठले होते. बाबांनी खपच्या गोळा केल्या आणि विळ्यानं तोडून टाकल्या.

मग शेवटच्या पोरीची गाठ सोडता सोडता, मान वर न करता, प्रणालीनं विचारलं.

"मॅडम, एक विचारू? रागावू नोका. तवा... माहा गुडघा खरंच वाकला होता काय? मले कधी तसं वाटलं नाई. मी लय इचार केला. मले तर सरळ वाटत होता."

बाबांनी मान उचलून माझ्याकडे पाहिलं.

वाक्य तयार होतं. तोंडपाठ होतं. पोरी माझ्याकडे बघत होत्या. मी रोहण्याला कशासाठी आले होते? याच्यासाठीच ना? आणि तिनं स्वतःच दार उघडून दिलं होतं, मला ढकलायचीही गरज नव्हती.

"वाकला होता," मी म्हणाले. "थोडा. पण वाकला होता."

माझाच आवाज. अगदी शांत, खात्रीचा.

"मीनं म्हटलंच होतं," बाबा म्हणाले. "मॅडमची नजर चुकनार नाई."

प्रणालीनं हळूच मान डोलावली. कुठलंतरी ओझं उतरल्यासारखी दिसली — ते मला सगळ्यात जास्त लागलं. मग ती उठली, पायाला हात लावून उठली, आणि म्हणाली, "या ना घरी. च्या तरी घ्या. इतक्या दुरून आल्या."

मी गेले. तिनं आल्याचा चहा केला. सोबत वाटीत चिवडा दिला.

मी प्यायले, आणि दोनच्या एसटीनं परत आले.