गोलूचा फोटो आणि बंद पडलेली हार्डडिस्क

इथले अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगायचं तर हसायला म्हणूनच वाचते. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या गाडीवर मागे कोणी येऊन बसतं... मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवते, "घ्या, अजून एक!" आमच्या दारावर लिंबू-मिरची लागते ती सासूबाईंच्या हट्टामुळे, आणि घरात सरबताला लिंबू कमी पडलं तर मी दारावरचंच काढून आणते. अशी मी. तीच आज इथे लिहायला बसलेय. तुम्ही हसलात तरी चालेल. मला मात्र त्या दिवसापासून हसायला होत नाही.

सेलूत आमचा फोटो स्टुडिओ आहे, बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पुढे काउंटर, मग शूटिंगची खोली आणि तिच्या मागे आमचं घर. फोटो काढायचं काम प्रशांतचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं; कॉम्प्युटर माझा. एडिटिंग, अल्बम, पासपोर्ट फोटो सगळं मीच करते, आणि मशीन बिघडलं की उघडतेही मीच. वर्ध्याला न्यायचा कोण उपद्व्याप करणार!

कोपऱ्यात आमचा जुना डेस्कटॉप आहे. त्यात दोन हार्डडिस्क – छोटीत विंडोज, आणि मोठीत आमच्या सुरुवातीच्या वर्षांचे सगळे फोटो. ही मोठी डिस्क गेल्या दसऱ्यापासून दिसेनाशी झाली होती. त्याचं कारण मला पक्कं ठाऊक होतं: आमच्या सासूबाई! दसऱ्याला आमच्याकडे कॅमेऱ्यापासून प्रिंटरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. त्या दिवशी प्रशांतने धूळ काढायला या मशीनचं झाकण उघडून ठेवलं होतं. सासूबाईंनी विचारलं, "याच्यात फोटो कुठी राह्यते?" त्याने बोट दाखवलं. झालं... कालवलेल्या कुंकवाचं बोट त्यांनी थेट डिस्कवर टेकवलं, अगदी केबल लागते तिथेच, वर हळद आणि अक्षता. त्या दिवसापासून डिस्क गप्प. कामं नव्या मशीनवर चालायची म्हणून मीही "करू कधीतरी" म्हणत राहिले.

तर यंदाच्या एप्रिलमधली दुपार. प्रशांत हिंगणघाटला एका लग्नाच्या शूटिंगला गेलेला. मी एकटीच काउंटरवर होते आणि सुमनकाकू आल्या. जवळच्याच खेड्यातल्या. त्यांच्या पल्लवीचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं, पत्रिका आम्हालाही आली होती. मला वाटलं, काहीतरी राहिलं असेल. पण काकूंचा चेहरा पार उतरला होता. त्यांनी पिशवीतून एक फ्रेम काढली आणि काउंटरवर ठेवली.

फ्रेममध्ये फोटो असा उरलाच नव्हता. घराला रंग द्यायला काढला तेव्हा तो कोणीतरी कूलरवर ठेवला. पाण्याने कागद काचेला चिकटला आणि काकू सोडवायला गेल्यावर चेहराच निघून आला.

"गोलूचा हे व ताई," त्या म्हणाल्या. "एकच होता."

गोलू त्यांचा थोरला. पहिलीत असताना तापाने गेला. त्याच वर्षी शाळेच्या गॅदरिंगमध्ये तो फॅन्सी ड्रेसला बसचा कंडक्टर झाला होता – डोक्यावर मोठी टोपी, खांद्याला वडिलांची बॅग, काजळाची मिशी. तो फोटो प्रशांतने काढलेला. तेव्हा त्यांच्या घरात मोबाईल नव्हता, दुसरा फोटो कधी निघालाच नाही.

"उद्या नवरदेवाचा कान पिळाले सख्खा भाऊ लागते न," काकू सांगत होत्या. "चुलतभाऊ पिळन, नाई कोण म्हन्ते. पन गोलूचा फोटो तिथं पाह्यजे. पल्लवी मले म्हने, आई, दादा नसन तर मी कान पिळू देत नाई. सकाळपासून जेवली नाई पोरगी. संध्याकाळी हळद हे तिची. ताई, तुमच्या मशीनमंदी असन न तो?"

होता. त्या मोठ्या डिस्कमध्ये.

मी काकूंना स्टूलवर बसवलं आणि जुनं मशीन काउंटरवर घेतलं. मला माहीत होतं, डिस्क दिसणार नाही. सुरू केलं. विंडोज आलं, डिस्क नाही. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं, तिथेही डिस्कचं नाव नाही. रॅम काढून खोडरबराने घासली. डिस्कच्या तोंडाशी कुंकू वाळून खपली धरली होती, ती जुन्या टूथब्रशने आणि स्पिरिटने काढली. केबलची मदरबोर्डवरची जागा बदलली. डिस्कला कान लावला तर आत फिरण्याचा आवाजच नाही, नुसतं अधूनमधून टिक... टिक... आणि पुन्हा शांत. प्रत्येक वेळी मशीन सुरू झालं की काकू स्टूलवरून अर्ध्या उठायच्या, आणि मी मान हलवली की बसायच्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

शेवटी वाटलं, डिस्क मशीनला जोडणारी केबलच गेली असेल. मशीन चालू असतानाच घाईघाईत केबल दोन्ही टोकांनी ओढून काढली आणि काकूंच्या हातात दिली. "धरा जरा, मी आतून दुसरी आणते."

आत मी खोके उपसत होते. सगळ्या जगाच्या केबल निघाल्या, हवी ती निघेना. पल्लवी उपाशी बसलीय आणि मी इथे चार्जर काढतेय! तेवढ्यात लाईन गेली. पंखा थांबला. घामाने चिंब झाले मी. थोड्या वेळाने लाईन आली, बाहेर मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. त्यात नवल नाही, लाईन आली की ते आपोआप सुरू होतं, तशी सेटिंग मीच केलीय.

आणि काकूंची हाक आली, "ताई! ताई, या न! गोलू!"

मी धावत बाहेर आले. स्क्रीनवर गोलू होता. टोपी डोळ्यांवर आलेली, काजळाची मिशी गालापर्यंत ओघळलेली, हात पुढे केलेला, तिकिटाचे पैसे मागितल्यासारखा. काकू मशीनपासून चांगल्या लांब उभ्या होत्या. त्यांना माऊससुद्धा धरता येत नाही.

"तुम्ही काही दाबलं का?"

"नाई व माय! म्या काऊन हात लावू? लाईन आली अन् तो दिसला."

त्या क्षणी मी विचारच केला नाही. दिसतंय तोवर घेऊन टाकावं, एवढंच डोक्यात. मोठ्या डिस्कचा 'डी' ड्राईव्ह दिसत होता, त्यात एकच फोल्डर होता आणि फोल्डरमध्ये तो एकच फोटो. बाकीचे गेले असतील म्हटलं, जाऊ देत. पेन ड्राईव्हवर घेतला, नव्या मशीनवर उघडला, मोठा प्रिंट काढला, कोरी फ्रेम लावली. काकू फ्रेमवर हात फिरवत, रडत, हसत मला आशीर्वाद देत होत्या. मीही रडले, लपवत नाही. मनात म्हटलं, टूथब्रशने काम केलं!

काकू पायरी उतरल्या आणि परत आल्या.

"हे घ्या ताई, तुमची तार. मघापासून माह्याच हातात राह्यली."

त्यांनी माझ्या हातावर केबल ठेवली. बोटांभोवती गुंडाळून गुंडाळून तिची वेटोळी झाली होती. काकूंच्या बोटांना कुंकू लागलं होतं. त्या गेल्या, हळदीची घाई होती.

मी केबल धरून तशीच उभी. मग वाकून मशीनमध्ये पाहिलं. डिस्कचं तोंड रिकामं. मदरबोर्डवरची जागा रिकामी. आणि स्क्रीनवर अजून गोलू हात पुढे करून उभा... मी मशीन बंद केलं नाही, वायरच ओढली भिंतीतून. शटर अर्धं खाली घेतलं आणि सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी विचारलं काय झालं, तर म्हटलं, ऊन लागलं.

प्रशांत म्हणतो, तो फोटो आधीच विंडोजच्या डिस्कवर असणार. मी सगळी डिस्क शोधली, नाही. तो म्हणतो, तू केबल नंतर काढली असशील, घाईत आठवत नाही. मलाही तसंच वाटलं असतं हो! पण मग काकूंच्या हातात काय होतं? नागपूरला त्याच्या ओळखीचा एक जण डेटा काढून देतो, त्याच्याकडे डिस्क पाठवली. त्याने परत पाठवली. म्हणाला, ही आतून जाम झालीय, बऱ्याच दिवसांपासून फिरलेली नाही, नवीन केबल लावून काय होणार.

लग्नाला मी गेले. चुलतभावाने एका हातात फ्रेम धरली आणि दुसऱ्याने नवरदेवाचा कान पिळला. पल्लवी म्हणाली, "जोरानं पिळजो, दादाकडून!" सगळे हसले. नवरदेवाने कानपिळीचं कापड त्या भावाला दिलं आणि एक छोटासा शर्ट फ्रेमसमोर ठेवला, पहिलीतल्या मुलाच्या मापाचा. काकूंनीच घेऊन ठेवला असणार. मला तिथे उभं राहवेना.

काकूंनी मला साडी नेसवली. साऱ्या मांडवात सांगत होत्या, "या ताईनं मशीन दुरुस्त केली, म्हणून माहा गोलू आला." मी मान डोलावली. खरं सांगितलं नाही, अजूनही नाही. तुम्ही म्हणाल, सांगून टाक, त्या माऊलीला बरंच वाटेल. मला माहीत आहे. पण त्यांना सांगायचं तर मला ते तोंडाने बोलावं लागेल – की काकू, मी काही दुरुस्त केलं नव्हतं. तार तुमच्याच हातात होती.

डिस्क मी टाकलेली नाही. देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवलीय. सासूबाई तिला रोज बोट टेकवतात, आणि मी काही म्हणत नाही.