अक्काचं इन्सुलिन आणि काकूचं व्रत

पंगतीत वाढप सुरू झालं की सुशीलाअक्का पिशवीतून इन्सुलिनची सुई काढायची आणि तिथंच, पदराआड, पोटाला टोचून घ्यायची. शेजारी बसलेला मी भिंतीकडं बघत राही. "टोचतंय मला, कळवळतोस तू! भात घे की रे," असं ती मोठ्यानं म्हणे. मग अख्खी पंगत माझ्याकडं बघे.

ही माझी चुलत बहीण. हुबळीत लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत गणित शिकवायची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा काकूनं, म्हणजे तिच्या आईनं, आपली एक दिली. सगळं सुरळीत झालं आणि वर्षभरातच अक्काला मधुमेह निघाला. आमच्या घराण्यात तो कुणालाच नव्हता. धारवाडला सुभाष रोडवर कापडदुकान चालवणाऱ्या आमच्या दुसऱ्या चुलत्यांनी, दाजीकाकांनी, निकाल देऊन टाकला, "म्हातारीच्या किडनीतून साखर आली."

काकूला स्वतःला साखर नव्हती. तरी तिनं ते मनाला लावून घेतलं. "माझंच ना ते? मग मी पथ्य पाळलं की तिची उतरेल," म्हणून तिनं गोड सोडलं. बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून प्यायची. मी पदवीधर माणूस. मला त्यात तथ्य वाटत होतं. तिच्यासाठी जुन्या हुबळीतून कारली शोधून आणणारा मीच.

संक्रांतीला सगळे अक्काकडं जमले. मी होतो, म्हणजे लाडवांच्या ताटाजवळ होतो. दाजीकाका म्हणाले, "किडनी बसवल्यापासून घेतेस त्या गोळ्या बंद कर. त्यांनीच साखर वाढते, असं डॉक्टरच म्हणाले ना?"

"म्हणाले. पुढचंही ऐका की, काका! परकं काही आत आलं की अंग त्याच्यावर तुटून पडतं. या गोळ्या अंगाला आवरतात, म्हणून आईची किडनी टिकलीय. त्यांच्यामुळंच इन्सुलिन कमी पडतं आणि जे आहे तेही नीट लागू पडत नाही. डॉक्टर मात्रा बेतून देतात. मी आपल्या मनानं बंद केल्या, तर माझंच अंग आईला घराबाहेर काढेल. साखरेला सुई तरी आहे. त्याला काय आहे?"

"पण जन्मभर टोचून घेणार?"

"घेणार. साकु आता!"

साकु म्हणजे पुरे. अक्का कन्नडवर आली की भल्याभल्यांची बोलती बंद होई.

मग ती तिळाचा लाडू घेऊन काकूसमोर बसली. "आई, आ कर."

"नको गं, तुझी साखर..."

"तू खाल्लेलं माझ्या रक्तात कसं येईल? किडनी दिलीस, पोट नाही दिलंस. मला जगवलंस, त्याची शिक्षा भोगायची नाही. खा!"

काकू डोळे पुसत लाडू चावत राहिली. दाजीकाकांनी चपला शोधायला घेतल्या.

पुढं काही वर्षांनी काकू गेली. आम्ही स्मशानातून परतलो, तेव्हा अक्का तळहातावर गोळ्या घेऊन माजघरात बसली होती. दाजीकाका हळूच म्हणाले, "आजच्या दिवस राहू दे गं."

"आज तर मुळीच नाही," ती म्हणाली. "आईचं आता एवढंच जिवंत आहे."

तिनं माझ्याकडं पाणी मागितलं आणि सगळ्यांदेखत गोळ्या गिळल्या.