थांबे उचलण्याची गोष्ट

डच भाषेची परीक्षा मी पहिल्या फटक्यात पास झाले होते आणि ते चारचौघांत सांगायची एकही संधी सोडत नव्हते. त्याचं फळ असं की खेमेंतेचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं की आइंडहोवनच्या बाजूच्या आमच्या गावातली सगळी मराठी घरं मलाच फोन करायची. सगळे इंजिनीअर. कोट्यवधींच्या यंत्राला वठणीवर आणतील, पण डच पाकीट दिसलं की घाम फुटायचा.

कोरोनाचं दुसरं वर्ष चालू होतं. आई तीन महिन्यांसाठी म्हणून आली आणि विमानं बंद झाल्यामुळे वर्षाच्या वर अडकून पडली. ती नगरपालिकेच्या घरपट्टी खात्यातून रिटायर झालेली, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट तिला अर्ज आणि नोटीस या दोनच रूपांत दिसायची. गुडघ्यांमुळे सायकल तिच्या नशिबात नव्हती. तिची सगळी मजा म्हणजे बुधवारची बस. चार थांबे पलीकडच्या गावात तिला एक मैत्रीण मिळाली होती. नवरा गेल्यावर नागपूरचं घर विकून मुलाकडे कायमच्या आलेल्या बाई. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. दोघी कालव्याकाठच्या लांबलचक बाकाच्या दोन टोकांना बसायच्या आणि मास्कमधून तास-दोन तास बोलायच्या. अंतर राखायचं म्हणून इतक्या मोठ्यानं, की कालव्यातली बदकं पलीकडे जायची.

बसमध्ये तेव्हा सूचना असायची, अत्यावश्यक असेल तरच प्रवास करा. मी आठवण करून दिली की आई म्हणायची, "माझं बोलणं अत्यावश्यकच आहे. या घरात बोलायला आहे कोण? तुम्ही दोघं दिवसभर त्या हेडफोनशी बोलता आणि तुमची लेक माझ्याशी डचमध्ये बोलते."

अशात ते पत्र आलं. घरपट्टी थोडी वाढवून त्यातून गावातला सायकलरस्ता दुरुस्त करावा आणि ही छोटी बस चालू ठेवावी का, असं खेमेंतेनं रहिवाशांना विचारलं होतं. हो की नाही ते ऑनलाइन कळवायचं होतं. खाली एक वाक्य होतं. घरपट्टी वाढली नाही तर बसचे थांबे 'ओपहेफन' होतील. ओप म्हणजे वर, हेफन म्हणजे उचलणं. मला लख्ख समजलं. आमच्या थांब्याचा ओटा ठेंगणा होता आणि बसमध्ये चढताना आईला दांड्याला लोंबकळावं लागायचं. पट्टी वाढली नाही, तर निदान तेवढा ओटा उचलून उंच करून देणार! किती समजूतदार लोक, असं वाटून मला डच लोकांबद्दल भरून आलं. मी तिथल्या तिथे लॉगिन करून 'नाही' पाठवून दिलं.

रविवारी सकाळी आमची झूमवर बुद्धवंदना असायची. ती संपल्यावर मी सगळ्यांना पत्राचा अर्थ सांगितला. पट्टी वाढवायला नाही म्हणा, थांबे उंच होतील, दोन्ही हातांत लाडू. नवऱ्यानं म्यूट काढून "कर नाही त्याला डर कशाला!" असा विनोद केला आणि सगळे हसले. मीही हसले. तो विनोद त्याला नंतर फार दिवस महागात पडला, पण त्या सकाळी बरा वाटला होता.

आई टेबलापाशी मटार सोलत होती. ती म्हणाली, "काय उचलणार म्हणालीस?"

"थांबे."

"पत्रात तसं लिहिलंय? पट्टी नाही दिली तर थांबे उचलणार?"

"हो."

तिनं मटार बाजूला ठेवले. "अगं, आमच्या नगरपालिकेची गाडी यायची आणि रस्त्यावरच्या टपऱ्या उचलायची. त्या काय उंच करून ठेवायची?"

मी लेकीला हाक मारली, पत्र दाखवलं. नऊ वर्षांच्या पोरीनं एक नजर टाकली आणि म्हणाली, "ममा, दॅट मीन्स वेख. गॉन. देअर विल बी नो बस."

"उचलली जीभ, लावली टाळ्याला," आई म्हणाली. एवढंच म्हणाली, पण माझ्या परीक्षेचं सर्टिफिकेट त्यात जळून गेलं. मला मनापासून लाज वाटली. शिवाय एकदा दिलेलं उत्तर बदलता येत नव्हतं. आणि आई पाहुणी असल्यामुळे तिला मतच नव्हतं. या घरातल्या एकमेव बसप्रवाशाच्या विरोधात मी मत देऊन बसले होते.

पण आपली माणसं म्हणजे आपली माणसं. शेवटची तारीख अजून यायची होती आणि तोवर फॉर्म भरलेली मीच एकटी निघाले. बाकी सगळ्यांनी "करू नंतर" म्हणून सोडून दिलं होतं, अगदी माझ्या नवऱ्यानंसुद्धा. आईनं त्याचा फॉर्म मागे उभं राहून भरून घेतला आणि मग मला फोन घेऊन बसवलं. प्रत्येक घरी "जय भीम, मी चुकले" अशी सुरुवात. एक जण म्हणाला, "ताई, मी त्या बसमध्ये कधी बसलो नाही. मी का एक्स्ट्रा भरू?" आईनं माझ्या हातातून फोन घेतला. "तुम्ही गटारातही कधी बसला नसाल, तरी त्याची पट्टी भरताच ना?" नोकरीत असताना ती लोकांशी कशी बोलत असेल ते मला त्या दिवशी कळलं. त्यानं फोन चालू असतानाच 'हो' पाठवलं.

निकाल लागायच्या आधीच विमानं सुरू झाली आणि आई गेली. पुढे खेमेंतेचं पत्र आलं. या वेळी मी ते आधी लेकीकडून वाचून घेतलं. 'हो' म्हणणारे थोडे जास्त भरले होते. बस राहणार होती. मी लगेच आईला फोन लावला आणि चेष्टेनं म्हटलं, "तुझी बस राहिली बघ. आता तू तिकडे आणि बस इकडे. एवढा जीव काढलास, कशासाठी?"

"मी तर जाणारच होते गं," आई म्हणाली. "बाकाच्या दुसऱ्या टोकाची ती कुठे जाणार आहे?"

"बुधवारी मीटिंग लावू नकोस," ती पुढे म्हणाली. "आणि बोलायला जायचं, डब्बा देऊन पळायचं नाही."

पहिल्या बुधवारी मी चार थांबे बसनं गेले. मावशी थांब्यावरच उभ्या होत्या. मी उतरले, तरी माझ्यामागून आणखी कोणी उतरतंय का, ते त्यांनी दार बंद होईपर्यंत वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "ये."